पहिल्या अंकासकट ‘दों कार्लोस’: शातले थिएटरचा १९९६चा सीडी-संच

इटालियन संगीतकार व्हेर्दीची ‘दों कार्लोस’ ही ऑपेरा पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर फ्रेंचमध्ये ऐका, पाचही अंक ऐका आणि सुरुवात या संचापासून करा. पॅरिसच्या शातले थिएटरमध्ये मार्च १९९६मध्ये झालेल्या प्रयोगांचं हे ध्वनिमुद्रण आहे. संच ईएमआयचा, तीन सीडींचा. वाद्यवृंद ऑर्केस्त्र द पारी, संचालक आंतोनियो पापानो. भूमिका आणि गायक असे: कार्लोस – रोबेर्तो अलान्या, एलिझाबेथ – कारिता मात्तिला, राजा फिलिप – जोझे व्हान दाम, कार्लोसचा मित्र पोझा – थॉमस हॅम्पसन, दरबारातली सरदारीण एबोली – वाल्ट्राउड मायर आणि धर्मन्यायालयाचा (इन्क्विझिशनचा) प्रमुख – एरिक हाफव्हर्सन. मी पुण्यात आयुष्यभर फ्रेंच शिकवलं. एखादी फ्रेंच ऑपेरा कुठून ऐकायला लागू, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी याच संचाचं नाव सांगते. तो का, आणि त्यात काय उणं आहे, हे इथे सविस्तर लिहिते आहे.

या ऑपेराची सगळी शोकांतिका पहिल्या अंकात, शेवटच्या काही मिनिटांत घडून जाते. जागा फोंतेनब्लोचं जंगल, हिवाळ्याचे दिवस. फ्रान्स आणि स्पेन यांच्यात लढाई चालू आहे, तहाची बोलणी सुरू आहेत. तहाचा भाग म्हणून फ्रान्सची राजकन्या एलिझाबेथ हिचं लग्न स्पेनचा युवराज कार्लोस याच्याशी व्हायचं आहे. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. कार्लोस कुणाला न सांगता वकिलातीच्या लवाजम्यात मिसळून फ्रान्सला आला आहे. शिकारीहून परतताना वाट चुकलेली एलिझाबेथ त्याला रानात भेटते. तो स्वतःची ओळख देत नाही, काटक्या गोळा करून गारगोटीने शेकोटी पेटवतो, आणि ती या अनोळखी स्पॅनिश माणसाला विचारते, तुमचा युवराज कसा आहे, तो माझ्यावर प्रेम करेल का. मग तो तिच्या हातात युवराजाचं चित्र असलेली डबी देतो. ती चित्र बघते, त्याच्याकडे बघते आणि ओळखते. लांबून तोफांचा आवाज येतो. तह झाला! दोघं आनंदाने गातात. तेवढ्यात तिचा सेवक तिबो धावत येतो आणि तिला स्पेनची राणी म्हणून मुजरा करतो. तहात शेवटच्या क्षणी बदल झालेला असतो: फ्रान्सच्या राजाने मुलगी द्यायची ठरवली आहे ती युवराजाला नाही, युवराजाच्या बापाला, दुसऱ्या फिलिपला.

इथे व्हेर्दीने जे केलं आहे त्यासाठी मला हा अंक सगळ्या ऑपेरात सर्वांत मोलाचा वाटतो. तिला कुणी फरफटत नेत नाही. राजाचा दूत तिला अदबीने विचारतो, निर्णय तुमचा आहे, संमती आहे का. भोवती बायका उभ्या असतात, लढाईने पिचलेल्या, आणि त्या विनवतात: बाई, हो म्हणा, आमच्यावर दया करा. ती हो म्हणते. संहितेत लिहिलं आहे, मरत्या आवाजात. आणि ताबडतोब लोकांचा जल्लोष सुरू होतो, आनंदाचं समूहगान जंगलभर घुमतं, त्याच गाण्याच्या आत ही दोघं आपलं दुःख गात राहतात आणि कुणालाही ते ऐकू येत नाही. फ्रेंच ग्रँड ऑपेरात मोठा समूह, मिरवणुका, इतिहासातला प्रसंग हे सगळं ठरलेलंच असे. पॅरिसच्या प्रेक्षकांना त्याची सवय होती. व्हेर्दीने तो समूहच प्रेमाच्या आड आणून उभा केला. या लोकांवर रागावताही येत नाही, कारण त्यांना हवी आहे ती शांतता, आणि ती मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

मात्तिलाचं ते ‘वी’, म्हणजे हो, या ध्वनिमुद्रणात जेमतेम ऐकू येतं. पापानो वाद्यवृंद अगदी खाली आणतो, एक क्षण सगळं थांबतं, आणि ती तो स्वर सोडते, त्याला गाण्याचा आकारही देत नाही. थोडं आधी युगुलगीतात हाच आवाज केवढा उजळ होता! ती फिनलंडची आहे, आवाज लख्ख चांदीसारखा, वरच्या सप्तकात कुठेही ताण नाही. अलान्या तेव्हा ३२ वर्षांचा होता. पुढे त्याचा आवाज जड होत गेला, पण इथे तो खरोखर तरुण मुलगा वाटतो, उतावळा, थोडा अस्वस्थ, स्वतःच्या आनंदावर विश्वास न बसणारा. या कार्लोसला पुढे चार अंक सुख मिळणार नाही हे कळण्यासाठी पहिल्या अंकात त्याला सुखी ऐकायला हवं.

माझी थोरली नणंद जन्मभर नाट्यपदं गात आली, पेटी उत्तम वाजवते, फ्रेंचचा तिला गंध नाही. एका दुपारी तिला हा अंक ऐकवला, गोष्ट आधी न सांगता. मध्येच मला म्हणाली, “अगं, हे आत्ता इतकं गोड चाललंय, मग ही तोफ कशाला?” मी म्हटलं, “वन्सं, तह झाला, लग्न ठरलं.” त्या म्हणाल्या, “छे, लग्नाची तोफ अशी वाजत नाही. पुढे काहीतरी वाईट आहे.” मग शेवटचा जल्लोष आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “ती दोघं कुठायत यात?” आणि पुढे वाकून त्या गर्दीत त्यांचे आवाज शोधत राहिल्या. मी वर्गात तासभर बोलून जे सांगते ते त्यांना शब्दाविना कळलं, आणि ते कळण्याइतकं हे ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे: समूहाच्या कल्लोळातही अलान्याचा स्वर धागा धरून ठेवतो.

आता या संचाबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती याच अंकाबद्दल आहे. व्हेर्दीने मुळात अंकाची सुरुवात लाकूडतोड्यांच्या प्रवेशाने केली होती. कडाक्याची थंडी, लाकडं फोडणारे पुरुष, त्यांच्या बायका, लढाई कधी संपणार म्हणून कंटाळलेले सगळे. एलिझाबेथ तिथे येते, ज्या म्हातारीची मुलं लढाईत गेली तिला गळ्यातली साखळी काढून देते आणि सांगते, शांतता लवकरच येईल. म्हणजे अंकाच्या शेवटी ती हो म्हणते तेव्हा ती आपला शब्द पाळत असते. हा प्रवेश शातलेच्या प्रयोगात नाही, म्हणून संचातही नाही. शिकाऱ्यांच्या शिंगांनी थेट सुरुवात होते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काही चुकल्यासारखं वाटणार नाही, पण त्या बायकांची विनवणी अचानक कुठून आली हा प्रश्न राहतो. इतका विचारपूर्वक केलेला प्रयोग, साडेतीन तासांच्या आसपासचा, त्यात ही काही मिनिटं हवी होती असं मला दरवेळी वाटतं.

अर्थात ही काट पहिल्यांदा खुद्द व्हेर्दीनेच मारली. ऑपेराचा पहिला प्रयोग ११ मार्च १८६७ला पॅरिस ऑपेराच्या सॅल ल पेलतिएमध्ये झाला. तालमींत लक्षात आलं की खेळ फार लांबतो आहे. सुरुवात लवकर करावी तर पॅरिसकरांच्या जेवणाची वेळ मोडते, उशिरा संपवावा तर उपनगरांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या चुकतात. मुंबईकरांना ही अडचण समजावून सांगायला नको. बॅले मात्र कापता येत नव्हता. पॅरिस ऑपेराचा तो दंडकच होता, आणि मध्यावर येणारा बॅले पाहायला जेवणं आटोपून उशिरा येणारे बडे लोक होते. सहा वर्षांपूर्वी वाग्नरच्या ‘टानहॉयझर’मध्ये नाच चुकीच्या जागी आला म्हणून त्यांनी शिट्ट्या मारून खेळ बंद पाडला होता. तेव्हा व्हेर्दीने गाण्याची पानं काढली, लाकूडतोडे गेले, आणखी बरंच गेलं. ही पानं शंभर वर्षं विस्मरणात होती. १९७०च्या सुमारास संशोधकांनी पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालयातल्या जुन्या बाडांत दुमडलेली, टाके घालून बंद केलेली पानं उघडून हे संगीत परत जुळवलं. शातलेच्या प्रयोगात बॅलेही नाही, आणि त्याची उणीव मला भासत नाही.

खरं नुकसान पुढे झालं. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला ऑपेरा इटालियन भाषांतरात झाली, तेव्हा पहिला अंकच वगळला गेला. १८८४मध्ये मिलानच्या ला स्कालासाठी व्हेर्दीने स्वतः चार अंकी आवृत्ती केली, फोंतेनब्लो पूर्ण काढून टाकलं. ती त्याला अधिक आटोपशीर वाटली. दोन वर्षांनी मोदेना इथे तो अंक परत जोडून पाच अंकी प्रयोगही झाला. पण जगभरच्या थिएटरांना सोयीची पडली ती चार अंकीच, आणि अजूनही ती सर्रास होते. संगीत त्यातही थोर आहे. राजाचं गाणं तसंच आहे, मैत्रीचं युगुलगीत तसंच आहे. पण तिथे कार्लोस पहिल्यांदा समोर येतो तेव्हाच तो हरलेला असतो. आपण त्याच्या तोंडून ऐकतो की कधी काळी एका जंगलात काही घडलं होतं. पाचव्या अंकात, म्हणजे त्या आवृत्तीतल्या चौथ्यात, एलिझाबेथ मठात सम्राटाच्या थडग्यापाशी एकटी उभी राहून फोंतेनब्लोची आठवण काढते, वाद्यवृंदात त्या जंगलातल्या युगुलगीताची सुरावट तरळते, आणि ती आपण मूळ जागी कधी ऐकलेलीच नसते. तिला आठवतं, आपल्याला नाही. मला हे चालत नाही.

भाषेचंही तसंच. जर्मन नाटककार शिलरच्या नाटकावरून जोझेफ मेरी आणि कामीय द्यु लोक्ल यांनी संहिता लिहिली ती फ्रेंचमध्ये. मेरी पहिल्या प्रयोगाआधीच वारले, उरलेलं द्यु लोक्ल यांनी पुरं केलं. १८८४च्या आवृत्तीसाठी व्हेर्दीला नव्या ओळी लागल्या तेव्हाही त्या आधी फ्रेंचमध्येच लिहून घेतल्या गेल्या आणि मग इटालियनमध्ये उतरवल्या. फ्रेंच वाक्यात वजन शेवटाकडे सरकतं, मधले शब्द हलके राहतात. व्हेर्दीने चाली तशाच बांधल्या आहेत, लांब आणि शेवटी टेकणाऱ्या. इटालियनमध्ये त्याच चालींवर प्रत्येक शब्द ठासून येतो आणि माणसं एकमेकांशी बोलण्याऐवजी भांडतात असं वाटायला लागतं. शातलेच्या संचात अलान्या फ्रान्समध्येच जन्मलेला, व्हान दाम ब्रुसेल्सचा. दोघांची भाषा घरची. हॅम्पसन अमेरिकन, पण त्याचे उच्चार मी निःशंकपणे वर्गात ऐकवते. मात्तिलाची व्यंजनं कधी कधी विरघळतात. ते मी तिला माफ करते, कारण वाक्याचा अर्थ तिच्या गळ्यात पोचलेला असतो.

दुसऱ्या अंकातली बागेतली भेट ऐका. आता ती त्याची सावत्र आई आहे. तो राणीसमोर अर्जदार म्हणून येतो, सरळ बोलायचा प्रयत्न करतो आणि चारच वाक्यांत कोसळतो. शेवटी ती त्याला ढकलून म्हणते, मग जा, बापाला मार, आणि त्याच्या रक्ताने माखलेल्या हातांनी आईला लग्नाच्या वेदीवर ने! अलान्या तिथे किंचाळत पळून जातो, आणि मात्तिला एकटी देवाची करुणा भाकते. या प्रवेशात बहुतेक ध्वनिमुद्रणांत टेनर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक, आपला मोठा आवाज दाखवतात. अलान्या शुद्ध हरपताना आवाज इतका बारीक करतो की तो खरंच आजारी मुलगा वाटतो. लगेचच राजा येतो, राणी एकटी सापडली म्हणून तिच्या फ्रेंच सखीला, काउंटेस दारांबेर्गला, हद्दपार करतो. एलिझाबेथ तिचा निरोप घेते ते गाणं छोटं आहे, सोबत कोर आंग्ले या फुंकून वाजवायच्या वाद्याचा ओलसर सूर. मात्तिलाने या संचात गायलेल्या गाण्यांत माझं हे सगळ्यात आवडतं.

एबोलीबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. वाल्ट्राउड मायर मोठी गायिका, वाग्नरच्या भूमिकांत तिच्यासारखी विरळाच. दुसऱ्या अंकातलं बुरख्याचं गाणं मात्र झुळझुळत्या ताना मागतं, आणि तिथे तिला कष्ट पडतात, ते ऐकू येतात. पण चौथ्या अंकात एबोली स्वतःच्या रूपाला शाप देते ते गाणं, ‘ओ दों फाताल’, मायरने असं गायलं आहे की आधीचे कष्ट विसरावेत. तिसऱ्या अंकात चौकातला मोठा देखावा आहे: धर्मन्यायालयाने दोषी ठरवलेल्यांना जाळण्यासाठी आणतात, स्पेनच्या अंमलाखालच्या फ्लँडर्सचे सहा प्रतिनिधी राजापुढे गुडघे टेकतात, कार्लोस बापावर तलवार उपसतो. इथे शातलेचा समूह मला कमी पडतो. पापानो प्रवेश वेगाने पुढे नेतो, पण चौक भरत नाही. ज्यांना ग्रँड ऑपेरा मुख्यतः भव्यतेसाठी ऐकायची आहे त्यांची इथे निराशा होईल.

चौथा अंक उघडतो तो राजाच्या खोलीत. पहाट होत आली आहे, मेणबत्त्या संपत आल्या आहेत, आणि एकटा चेलो वाजतो आहे. फिलिप म्हणतो, तिचं माझ्यावर प्रेम नाही, कधीच नव्हतं. फ्रान्सहून आली त्या दिवशी माझे पांढरे केस बघून ती गप्प झाली होती. इतिहासातला दुसरा फिलिप या लग्नाच्या वेळी ३२ वर्षांचा होता, त्याला म्हातारा शिलरने आणि व्हेर्दीने केलं. कार्लोस आणि एलिझाबेथ दोघंही १५४५चे. दोघं १५६८ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वारले, कार्लोस बापाच्या कैदेत. त्यांच्यात प्रेम होतं याला इतिहासात आधार नाही, लग्नाची बोलणी मात्र आधी खरोखर कार्लोससाठीच झाली होती. व्हान दामचा आवाज खोल खर्जाचा नाही, त्यात थोडा धातूसारखा कोरडेपणा आहे. म्हणूनच तो राजा म्हणून मला पटतो. तो या गाण्यात एकदाही दयेची याचना करत नाही. ज्याला झोप येत नाही असा, कामाची कागदपत्रं समोर घेऊन बसलेला माणूस हिशेब करतो आणि हिशेब जमत नाही, तसं तो गातो.

मग दार उघडतं आणि धर्मन्यायालयाचा प्रमुख येतो. नव्वद वर्षांचा, आंधळा, दोघांच्या आधाराने चालणारा. चेलो, डबल बास आणि बासून या खर्जातल्या वाद्यांची एक सरपटती सुरावट त्याच्या आधी खोलीत शिरते. दोन खर्जातल्या आवाजांचा असा सामना दुसऱ्या कुठल्या ऑपेरात मी ऐकलेला नाही. राजा विचारतो, मी मुलाला मृत्यू दिला तर? प्रमुख सांगतो, देवानेही आपला पुत्र दिला. आणि बदल्यात तो पोझाला मागतो, राजाचा एकुलता एक मित्र. हाफव्हर्सनचा आवाज व्हान दामपेक्षा काळा, जड आणि बेदरकार आहे, त्यामुळे कोण कुणापुढे वाकणार हे पहिल्या वाक्यापासून कळतं.

हा प्रवेश मला कधीही परका वाटला नाही. आमचं कुलदैवत शांतादुर्गा. मूळ देऊळ गोव्यात, साष्टीत केळशीला होतं. पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडायला घेतली तेव्हा, १५६०च्या दशकात, देवीला पोर्तुगीज हद्दीपलीकडे कवळ्याला हलवावं लागलं. मंगेशही त्याच सुमारास कुशस्थळीहून प्रियोळला गेला. गोव्यात धर्मन्यायालय बसलं १५६० मध्ये, म्हणजे या ऑपेराची गोष्ट जिथे सुरू होते त्याच वर्षांत. १५८१मध्ये पोर्तुगालचा मुकुटही याच दुसऱ्या फिलिपच्या डोक्यावर आला, आणि १५९८ मध्ये तो मरेपर्यंत गोव्याचा कारभार त्याच्या नावाने चालला. आमच्या आजीच्या तोंडी देवी रातोरात कशी नेली त्याच्या कथा होत्या. हा राजा माझ्यासाठी त्यामुळे फार लांबच्या देशातला नाही. प्रवेशाच्या शेवटी तो म्हणतो, राजाचा अभिमान धर्मगुरूच्या अभिमानापुढे वाकतो. व्हान दाम ती ओळ गाताना वरून खाली दोन सप्तकं उतरतो आणि शेवटचे स्वर नुसते बोलल्यासारखे टाकतो. मला इतकी वर्षं झाली ऐकून, तरी त्या जागी माझ्या मनात त्याच्याबद्दल कणव येते, आणि ज्याच्या नावाने आमच्यावर राज्य झालं त्याच्याबद्दल कणव वाटायला लावणारं संगीत किती बळाचं असेल ते तुम्हीच बघा. पहिल्या प्रयोगाला फ्रान्सची सम्राज्ञी यूजेनी हजर होती, जन्माने स्पॅनिश आणि कट्टर कॅथॉलिक. याच प्रवेशात राजा धर्मगुरूला गप्प बस म्हणतो तेव्हा तिने तोंड फिरवलं, असं सांगतात.

तुरुंगात कार्लोसला भेटायला गेलेल्या पोझाला गोळी लागते, तो मित्राच्या मिठीत मरतो. हॅम्पसन इथे आवाज न फुगवता, जर्मन भावगीत गावं तसं गातो. काहींना व्हेर्दीसाठी तो आवाज हलका वाटेल, मला या माणसासाठी तो योग्य वाटतो. त्यानंतर जे येतं ते बहुतेक आवृत्त्यांत नसतं: प्रेतावर वाकून राजा आणि युवराज दोघंही आपापला शोक करतात. पहिल्या प्रयोगाआधी कापलेल्या भागांपैकी हा एक. व्हेर्दीने ती सुरावट वाया जाऊ दिली नाही, सात वर्षांनी आपल्या ‘रेक्विएम’मधल्या, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतातल्या, ‘लाक्रिमोझा’ या भागात वापरली. ‘रेक्विएम’ ऐकलेलं असेल तर इथे एकदम काटा येतो. शातलेच्या प्रयोगात हा भाग आहे. बाप आणि मुलगा, एकाच बाईवर प्रेम करणारे आणि एकाच मित्राला मुकलेले, फक्त इथेच एका सुरात येतात. लाकूडतोडे वगळल्याचा माझा राग इथे बराच निवतो.

पाचव्या अंकात मात्तिलाचं मोठं गाणं आहे. सुरुवातीची लांब प्रस्तावना पापानो अजिबात घाई न करता वाजवून घेतो. मग ती सम्राट पाचव्या चार्ल्सच्या थडग्याला उद्देशून गाते, मध्ये फ्रान्सची आठवण येते, फोंतेनब्लोचं नाव येतं आणि ती जंगलातली सुरावट परत. मात्तिला तिथे आवाज पूर्ण बदलते, पहिल्या अंकातल्या मुलीचा करते. मग कार्लोस निरोप घ्यायला येतो. पोझाने जे काम मागे सोडलं, फ्लँडर्सच्या लोकांची सुटका, त्यासाठी तो निघाला आहे. ही दोघं आता शांत आहेत, याहून चांगल्या जगात पुन्हा भेटू असं म्हणतात, आणि शेवटचा निरोप घेताना एकमेकांना हाक मारतात ती आई आणि मुलगा म्हणून. पहिल्या अंकात ज्या नात्याने त्यांचं सगळं हिरावून घेतलं तेच नाव ती आपणहून उच्चारतात. अलान्या आणि मात्तिला हे सगळं जवळजवळ कुजबुजीत गातात, आणि प्रेक्षागृहात कुणी खोकतही नाही.

घेण्याआधी काही गोष्टी पाहा. हे प्रत्यक्ष प्रयोगाचं ध्वनिमुद्रण आहे, त्यामुळे पावलांचे आवाज येतात, गायक फिरतात तसे आवाज जवळ-लांब होतात, टाळ्याही आहेत. मला ते आवडतं; ज्यांना स्टुडिओची शांतता लागते त्यांना खटकेल. जुन्या संचासोबत संहितेची पुस्तिका येते, नंतरच्या स्वस्त आवृत्त्यांत ती असेलच असं नाही, म्हणून विचारून घ्या. माझा संच एका विक्रेत्याकडून वापरलेला आला, डबी तडकलेली होती, तबकड्या आणि पुस्तिका मात्र शाबूत होत्या. पुस्तिकेसाठी मी तडकलेली डबी आनंदाने घेईन. फोनवरून ऐकणार असाल तर गाण्यांच्या मध्ये खंड पडणार नाही अशी सोय आधी चालू करा, नाहीतर प्रत्येक प्रवेश मधेच तुटतो. एका बैठकीत ऐकण्याचा आग्रह नको. पहिला अंक एका दिवशी, त्यावर दुसरं काही न ऐकता. चौथा आणि पाचवा मात्र सलग. याच प्रयोगाचं ल्युक बोंदीच्या दिग्दर्शनातलं चित्रमुद्रणही मिळतं, पण आधी कानांनी ऐका, संहिता हातात ठेवून.

आणि लाकूडतोड्यांसाठी क्लाउदिओ आबादोचा ला स्कालाचा संच शोधा, डॉइच ग्रामोफोनचा, १९८०च्या दशकातला, दोमिंगो आणि रिचारेल्लीचा. तिथे फ्रेंच इतकी सहज नाही, समूह आणि वाद्यवृंद मात्र भारदस्त आहेत, आणि पहिल्या प्रयोगाआधी कापलेले भाग शेवटी पुरवणीत वेगळे दिले आहेत. मी पुरवणीतला तो प्रवेश आधी लावते आणि मग शातलेची पहिली सीडी सुरू करते.